होंडा सीबी ७५० च्या फ्रंट डिस्कचं रिबिल्ड किट : कुठला भाग घ्या आणि कुठला घेऊ नका

किटला माझ्याकडून ५ पैकी ३. कॅलिपरचा (चाकाजवळ डिस्कला चिमटीत धरणारा भाग) पिस्टन आणि होज (ऑइलचा पाइप) यांना पूर्ण मार्क, मास्टर सिलिंडरच्या (हँडलवर लिव्हरपाशी बसून ऑइल दाबणारा भाग) पार्टना शून्य, आणि सोबत आलेल्या माहितीच्या कागदाला पण शून्य. ऑनलाइन घेतलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत आलं, पिशवीवर कुठला ब्रँड नाही, त्यामुळे नाव सांगून उपयोग नाही. असली पॅटर्न किट, म्हणजे मूळ कंपनीची नसलेली, नक्कल केलेली, दहा ठिकाणी दहा नावांनी विकली जातात आणि बहुतेक किटमध्ये काय काय येतं ते साधारण सारखंच असतं. म्हणून मी किटपेक्षा किट बसवताना काय सापडलं ते जास्त लिहिणार आहे, कारण जुन्या गाडीचा डिस्क ब्रेक कुठे बिघडलाय ते कळल्याशिवाय किट मागवणं म्हणजे पैसे वाया.

आधी गाडी. १९७२ ची सीबी ७५० के-२. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहतो, ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या शेडमध्ये ती ९ वर्ष उभी होती. बाईकवाल्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी, ही ती गाडी जी १९६८ च्या टोकियो मोटर शोमध्ये दाखवली आणि १९६९ ला विकायला आली, ७३६ सीसी, चार सिलिंडर, आणि मोठ्या प्रमाणावर बनलेल्या गाडीला पुढे हायड्रॉलिक डिस्क येण्याची सुरुवात हिच्यापासून झाली. नॉर्टन कमांडोला डिस्क आली १९७२ ला, ट्रायम्फ बॉनव्हिलला १९७३ ला. ट्रायम्फची ती जुनी मेरिडनची फॅक्टरी माझ्या घरापासून जवळच होती, १९८३ ला बंद झाली, आता तिथे घरं आहेत. मी कराडचा, बाबांची येझदी, दोन्हीकडे ड्रम ब्रेक, ब्रेक लागत नसला की मागच्या रॉडचा नट दोन फेरे आवळायचा आणि विषय संपला. आपल्याकडे राजदूत ३५० आली तेव्हा यामाहाच्या मूळ आरडीची पुढची डिस्क काढून तिला ड्रम दिला होता हे पण मोठेपणी कळलं. मी पहिल्यांदा डिस्कचा लिव्हर दाबला तो मित्राच्या सीबीझेडचा, आणि तेव्हापासून मनात होतं की ही गोष्ट आतून बघायचीय.

इथे अजून एक गोष्ट आहे जी मला महत्त्वाची वाटते. यूकेमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला एमओटी, म्हणजे वर्षाची फिटनेस टेस्ट, लागत नाही, जर तिच्यात फार बदल केलेले नसतील तर. ऐकायला छान वाटतं पण याचा अर्थ असा की सव्वादोनशे किलोच्या आसपासच्या या धुडाचा ब्रेक धड आहे की नाही हे वर्षातून एकदा बघणारा दुसरा माणूस नाही. मीच बघायचा. म्हणून हे काम मी अंदाजपंचे करायचं नाही असं ठरवलं होतं.

लक्षण काय होतं? लिव्हर पहिल्यांदा दाबला की हँडलपर्यंत जायचा, तीन-चार वेळा पंप केला की कडक व्हायचा, आणि मग सोडला तरी ब्रेक धरूनच ठेवायचा. गाडी ढकलायला जावं तर पुढचं चाक खरवडत फिरायचं. असं दिसलं की सगळे पहिला सल्ला देतात, ऑइलमध्ये एअर आलीय, एअर काढ. मी पण दोन शनिवार एअर काढत बसलो. एअर असेल तर लिव्हर मऊ लागतो हे खरं, पण एअर कधीही ब्रेक धरून ठेवत नाही. धरून ठेवतो म्हणजे एकतर प्रेशर आत अडकलंय नाहीतर लोखंड अडकलंय, आणि या दोघांतलं कुठलं ते दहा मिनिटांत कळतं.

गाडी मेन स्टँडला लावा, पुढचं चाक उचला. लिव्हर दाबा, सोडा, चाक फिरवून बघा. अडकलं? आता मास्टर सिलिंडरजवळचा बँजो बोल्ट (होजचं तोंड धरून ठेवणारा पोकळ बोल्ट) जरासा सैल करा, खाली भरपूर फडकी लावून, कारण हे ऑइल टाकीच्या रंगावर पडलं तर रंग गेलाच म्हणून समजा. बोल्ट सैल केल्या केल्या चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरमध्ये. नाही सुटलं तर परत आवळा आणि खालच्या जॉइंटला जा. सीबी ७५० ला वरचा होज हँडलवरून येऊन स्टिअरिंगच्या खाली एका तीन तोंडांच्या पितळी जॉइंटला मिळतो, तिथेच ब्रेक लाइटचा प्रेशर स्विच आहे, आणि तिथून दुसरा होज खाली जातो. इथे सैल करून सुटलं तर वरचा होज खराब. इथेही नाही सुटलं तर शेवटी कॅलिपरचं निप्पल (एअर आणि ऑइल बाहेर सोडायचं बारीक तोंड) उघडा. इथे पिचकारी उडून चाक सुटलं तर खालचा होज. आणि निप्पल उघडूनसुद्धा चाक जड ते जडच राहिलं तर प्रेशरचा संबंध नाही, पिस्टन नाहीतर कॅलिपरचा पिव्होट (तो ज्या पिनवर फिरतो ती) जाम आहे.

माझ्या गाडीत मास्टरला सैल केलं, काही नाही. जॉइंटला सैल केलं, काही नाही. निप्पल उघडलं आणि चाक सुटलं, पण अर्धवट. म्हणजे खालचा होज पण गेलेला आणि कॅलिपर पण. बाबा तेव्हा दोन महिने आमच्याकडे आले होते, ते बाजूला खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, "अरे, पाइप बाहेरून तर चांगला दिसतोय." तेच तर. रबराचा होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून फुगून त्याचं भोक सुईएवढं राहतं. तुम्ही हाताने लिव्हर दाबता ती ताकद भरपूर असते, ऑइल त्या भोकातून जातंच. पण परत येताना ढकलणारं कोणी नसतं, पिस्टनचं रबर त्याला अगदी केसभर मागे ओढतं तेवढीच ताकद, आणि तेवढ्याने ऑइल उलटं येत नाही. मी तो होज नंतर कापून बघितला, आतला थर सुटून लोंबत होता. पन्नास वर्षांचा रबर आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

तर किट मागवलं ते या तपासानंतर. त्यात काय होतं : स्टेनलेस स्टीलचा कॅलिपर पिस्टन, त्याचं चौकोनी सील, मास्टर सिलिंडरचा पिस्टन, दोन कप (त्या पिस्टनवरची रबरी सील), स्प्रिंग, वरचा बूट, वरपासून खालपर्यंत एकच ब्रेडेड (बाहेरून तारेची वीण असलेला) होज, आणि तांब्याचे वायसर. सगळं मिळून ९० पौंडांच्या आत.

कॅलिपर उघडायच्या आधी एक काम करा, पिस्टन बाहेर काढायला ब्रेकचंच प्रेशर वापरा. लोक घाईघाईत सगळं खोलून मोकळे होतात आणि मग जाम पिस्टन पक्कडीने ओढत बसतात, पिस्टन पण जातो आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. मास्टर थोडंफार चालत असेल तर डिस्कवरून कॅलिपर काढून हळूहळू पंप करत पिस्टन अगदी काठापर्यंत आणायचा. माझा अर्ध्यावर येऊन थांबला, तेव्हा मग ग्रीस गन लावली, होजच्या जागी ग्रीस गनचं नोझल बसवून ग्रीस दाबत गेलो, आणि तो पिस्टन सावकाश, न झगडता बाहेर आला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटं मध्ये आली तर कामातून गेली. ग्रीस नंतर सगळं नीट धुवून काढावं लागतं एवढाच व्याप, आणि जुनं सील तर फेकायचंच असतं.

पिस्टन बघितला तर क्रोम उडालेलं, गंजाचे खड्डे. पण खरा दोष पिस्टनमध्ये नव्हताच, तो होता सीलच्या मागे, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण किटच्या कागदात यावर एक अक्षर नाही. कॅलिपर अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्याच्या आत जी चौकोनी चर आहे, ज्यात सील बसतं, त्या चरेच्या तळाशी पांढरी भुकटी साठते, दगडासारखी कडक होते. ती सीलला मागून आत ढकलते आणि सील पिस्टनला आवळून धरतं. तुम्ही नवा पिस्टन घातला, नवं सील घातलं, पण चर साफ केली नाही तर दोन दिवसांत परत तेच. मी दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आकडा घेऊन, ब्रेक ऑइलमध्ये भिजवून, जवळजवळ दोन तास ती चर खरवडत होतो. चरेचे कोपरे एकदम चौकोनी आणि चकचकीत दिसले पाहिजेत. हे चौकोनी सीलच पिस्टनला परत ओढण्याचं काम करतं, ब्रेक दाबला की ते थोडं पिळतं, सोडला की सरळ होतं आणि पिस्टन मागे येतो, आत दुसरी स्प्रिंग नाही काही नाही. म्हणून त्याला बसायला जागा नीट पाहिजे.

बसवताना नुसतं ताजं ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीस. साधं ग्रीस, पेट्रोल, इंजिन ऑइल, असलं काही लागलं की हे रबर फुगतं. किटमधला स्टेनलेस पिस्टन मात्र खरंच सुंदर. व्हर्नियरने मोजला, मापात, कडा गोल केलेल्या, बोटाने दाबला आणि सरकत आत गेला. इंग्लंडच्या थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने क्रोमचा काही टिकाव लागत नाही, इथे स्टेनलेसच पाहिजे.

पिव्होट विसरू नका. या गाडीचा कॅलिपर म्हणजे आजच्यासारखा पिनांवर सरकणारा नाही, तो एका हातावर बसवलाय आणि तो हात शॉकअपच्या डाव्या नळीला एका पिनवर दरवाजासारखा फिरतो. पिस्टन एकाच बाजूला. ती पिन कोरडी पडली की हात फिरत नाही, मग पिस्टनकडचा पॅड डिस्कला दुसऱ्या बाजूला ढकलत बसतो, ब्रेक कमी आणि घासणं जास्त. माझी पिन हातोडीने ठोकून काढावी लागली. साफ केली, नवीन ओ-रिंग, ग्रीस, आणि हात एका बोटाने हलायला लागला. मग त्या हाताला एक अ‍ॅडजस्टिंग बोल्ट आहे लॉकनटसकट, चाक फिरवत तो बोल्ट इतका फिरवायचा की पॅड डिस्कला लागून आवाज येईल, आणि मग अर्धा फेरा मागे. होंडाच्या मॅन्युअलमध्ये हे दिलंय आणि तरी दहापैकी नऊ गाड्यांवर तो बोल्ट कोणी हलवलेला नसतो, त्यावरचा रंगसुद्धा मूळचा असतो.

होजबद्दल. ब्रेडेड होज एकच सलग असल्यामुळे लिव्हर एकदम कडक, रबर फुगण्यात जी ताकद जायची ती आता जात नाही, फरक पहिल्याच ब्रेकला कळतो. पण सलग होज लावला की तो मधला जॉइंट निघतो आणि जॉइंट निघाला की पुढच्या ब्रेकचा लाइट स्विच पण निघतो. मागच्याला कळणारच नाही तुम्ही पुढचा ब्रेक दाबलाय ते. किट विकणाऱ्याने हे लिहायला पाहिजे होतं, किटमध्ये द्यायला पाहिजे होतं, दोन्ही केलं नाही. प्रेशर स्विच बसवलेला बँजो बोल्ट वेगळा मिळतो, तो मागवला, अजून चार दिवस गेले. किट घेणार असाल तर सोबतच मागवा. आणि तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवीन, एका बँजोला दोन, जुना वायसर परत लावून गळती थांबवायला बोल्ट जास्त आवळला तर बोल्ट तुटतो.

आता मास्टर सिलिंडर, जिथे या किटने मला त्रास दिला.

मास्टरच्या डब्यात, ऑइलच्या तळाशी, दोन भोकं असतात. एक मोठं, सहज दिसतं. दुसरं इतकं बारीक की लाइट मारल्याशिवाय दिसत नाही. लिव्हर सोडलेला असताना ते बारीक भोक उघडं राहिलं पाहिजे, कारण ब्रेक गरम झाला की ऑइल पसरतं आणि जास्तीचं ऑइल त्यातूनच वर डब्यात येतं. ते बंद झालं तर पसरलेल्या ऑइलला जायला जागा नाही, आणि ते ऑइल मग ब्रेक लावत बसतं, स्वतःहून. मी ते भोक बारीक तारेच्या एका धाग्याने साफ केलं, किटमधला पिस्टन आणि कप घातले, पिस्टन आत धरून ठेवणारा, खोल बसलेला लॉक लांब चोचीच्या पक्कडीने बसवला, आणि डॉट-४ ऑइल भरलं.

एअर काढायला बाबा. त्यांनी आयुष्यात डिस्कचं काम केलेलं नाही, पण हात धीराचा. मी खाली निप्पलपाशी, ते वर लिव्हरपाशी. "बाबा, दाबून धरा." "धरलाय." मी निप्पल उघडायचं, बुडबुडे यायचे, बंद करायचं, "सोडा आता." असं पाऊण तास. एकदा मी बंद करायच्या आत त्यांनी सोडला आणि सगळी एअर परत आत, तर ते म्हणाले, "तू सांगितल्याशिवाय आता सोडत नाही बघ, रात्र झाली तरी." शेवटची एअर वरच्या बँजोपाशी अडकून बसते, ती खाली येतच नाही. तिच्यासाठी रात्री लिव्हर हँडलला रबराने बांधून ठेवला, सकाळी सोडून होजवर हलक्या टिचक्या मारल्या, बारीक बुडबुडे वर डब्यात आले आणि लिव्हर दगडासारखा झाला.

खूश होऊन बाहेर पडलो. पाचेक मैलांवर लिव्हरचा मोकळा खेळ कमी कमी होत गेला, मग राहिलाच नाही, आणि गाडी मागून कोणी धरल्यासारखी ओढायला लागली. बाजूला घेतली, डिस्कजवळ हात नेला तर आच लागत होती. थांबलो. अर्ध्या तासाने डिस्क गार झाली आणि चाक आपोआप सुटलं. रस्त्यात उभं राहून मनात शिव्या येत होत्या खऱ्या, पण गार झाल्यावर सुटलं यातच उत्तर होतं. होज अडकला असता किंवा पिस्टन जाम असता तर गार होऊन सुटला नसता. हे बारीक भोक बंद असण्याचंच लक्षण. पण भोक तर मी साफ केलं होतं!

घरी येऊन डब्याचं झाकण काढलं आणि लिव्हर अगदी हळू, केसभर दाबला. भोक मोकळं असेल तर त्या पहिल्या हालचालीला ऑइलच्या पृष्ठभागावर एक इवलंसं कारंजं उठतं. उठलं नाही. मास्टर परत खोललं, जुना पिस्टन आणि किटमधला पिस्टन शेजारी ठेवून व्हर्नियर लावलं. किटमधला अर्ध्या एमएमपेक्षा थोडा जास्त लांब. म्हणजे लिव्हर सोडलेला असतानासुद्धा पुढचा कप त्या भोकावर जाऊन बसत होता. भोक स्वच्छ होतं, पण झाकलेलं होतं. मास्टरचा बोअर १४ एमएम, आत सगळे हिशोब इतके बारीक, तिथे अर्धा एमएम ही छोटी चूक नाही. ही चूक डोंगरउतारावर किंवा मोटरवेवर समोर आली असती तर? पुढचं चाक जाम होऊन माणूस पडू शकतो. विकणाऱ्याला फोटो, मापं सगळं पाठवलं, पैसे परत करतो म्हणाला, पण ते किट अजून विक्रीला आहे, काल पण होतं, आणि याचा मला खरंच राग आहे.

शेवटी मास्टरसाठी होंडाचं ओरिजिनल किट मागवलं, फक्त रबर आणि पिस्टनचे पैसे या अख्ख्या किटच्या एक तृतीयांश. ते घातलं, झाकण उघडं ठेवून लिव्हर दाबला, आणि कारंजं उठलं. बाबांना हाक मारून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून वाकून बघितलं, आणि मला म्हणाले, परत दाब, परत दाब.

किट घेतलंच असेल तर गाडी बाहेर काढायच्या आधी ही कारंज्याची टेस्ट कराच. आणि लिव्हर पॅटर्नचा लावला असेल तर त्याला पण मोकळा खेळ आहे का बघा, लिव्हर पिस्टनला कायम थोडा दाबून ठेवत असेल तरी हेच होतं.

ऑइलबद्दल दुकानदार काहीही सांगतात म्हणून लिहितो. डॉट-३ कोरडं असताना २०५ डिग्रीला उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. हवेतलं पाणी ते शोषतंच, गाडी नुसती उभी असली तरी, म्हणून किलोमीटर न मोजता दोन वर्षांनी बदला. डॉट-५ हे सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही, नाव पुढचं आहे म्हणून चांगलं असेल असं समजून कोणी टाकू नका.

ब्रेक आता कसा आहे? कोरड्यात मस्त, दोन बोटांनी थांबते. पावसात पहिला क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम पकडतो. हा किटचा दोष नाही, सत्तरच्या दशकातल्या या स्टेनलेस डिस्कचा स्वभावच तसा, ओल्या स्टीलवर पॅडला पकडायला वेळ लागतो. पावसात चालवताना मी अधूनमधून लिव्हर हलका दाबून डिस्क पुसून घेतो आणि अंतर दुप्पट ठेवतो. थोडं किंचाळतो पण, पॅडच्या पाठीला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिल्यावर बराच कमी झालाय.

तर कॅलिपरचा पिस्टन, त्याचं सील, होज या किटमधलं बिनधास्त घ्या, सुटं मिळत असेल तर सुटंच घ्या. मास्टरचं होंडाचंच. विक्रेत्याने मापं सुधारली तर मी इथे येऊन मार्क बदलीन. डब्यावर चिकटपट्टी लावून ऑइल बदलल्याची तारीख बाबांनी त्यांच्या अक्षरात मराठीत लिहून ठेवलीय, ते गेल्या महिन्यात कराडला परत गेले, आणि दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न असतो, चाक मोकळं फिरतंय ना?